दुय्यम पात्राचे मरण : एलिशा कुक ज्युनिअर याच्या भूमिकांचे वाचन

१

चित्रपटसमीक्षेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः दोन केंद्रे मानली. फ्रान्स्वा त्रुफो याने १९५४ मध्ये ‘काय्ये द्यु सिनेमा’ या नियतकालिकात मांडलेल्या भूमिकेपासून, आणि अँड्र्यू सॅरिस याने १९६२ मध्ये तिला दिलेल्या अमेरिकन रूपापासून, दिग्दर्शक हा चित्रपटाचा कर्ता मानला जाऊ लागला. पुढे रिचर्ड डायर याच्या ‘स्टार्स’ (१९७९) या ग्रंथाने स्टारची प्रतिमा एक सामाजिक संहिता म्हणून वाचण्याची रीत घालून दिली. या दोन केंद्रांमुळे समीक्षेला शिस्त लाभली हे खरे. परंतु ज्याचा चेहरा प्रेक्षक पडद्यावर तत्काळ ओळखतो आणि ज्याचे नाव मात्र त्याला सांगता येत नाही, अशा नटाचा विचार करण्याची परिभाषा या दोहोंपैकी कोणत्याच पद्धतीने सिद्ध केली नाही. दिग्दर्शककेंद्री समीक्षेत असा नट साधनसामग्रीचा भाग ठरतो, स्टारकेंद्री समीक्षेत पार्श्वभूमीचा.

एलिशा कुक ज्युनिअर (१९०३-१९९५) हा असा नट होय. १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर युजीन ओनील याच्या ‘आ, वाइल्डर्नेस!’ या नाटकात रिचर्ड मिलर या किशोराची महत्त्वाची भूमिका त्याने केली होती. हॉलिवुडने मात्र त्याला केंद्रस्थान कधी दिले नाही. त्याची पडद्यावरील कारकीर्द १९३० पासून १९८० च्या दशकापर्यंत पसरलेली आहे. सहायक भूमिकांसाठीचे पारितोषिक अमेरिकन अकॅडमीने १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू केले. त्या पारितोषिकासाठी त्याला नामांकनही कधी मिळाले नाही. लहान चण, मोठे डोळे, प्रौढ वयातही पोरकट वाटणारा चेहरा आणि घाबरट माणसाने उसने आणलेला ताठा, एवढ्या भांडवलावर त्याने केलेल्या १९४० आणि १९५० च्या दशकांतील भूमिका पाहिल्या, तर त्यांत एक गोष्ट वारंवार घडताना दिसते. तो मरतो, किंवा इतरांच्या सोयीसाठी मरणाच्या हाती दिला जातो.

या आवर्तनाकडे साचेबंद पात्रयोजना म्हणून पाहणे सोपे आहे. तथापि त्यातून एक प्रश्न उद्भवतो आणि तो केवळ चित्रपटाचा नाही, निवेदनमीमांसेचाही आहे. कथानक पुढे सरकावे म्हणून जे पात्र मारले जाते, त्याचे त्या कथानकावर काही ऋण राहते काय? की कार्य संपले म्हणजे पात्रही संपते?

२

दुय्यम पात्राचा विचार साहित्यसमीक्षेने अनेक परींनी केला आहे. हेन्री जेम्स याने केवळ कथनाच्या सोयीसाठी आणलेल्या पात्रांना ‘फिसेल’, म्हणजे कळसूत्राची दोरी, असे नाव दिले. ई. एम. फॉर्स्टर याने १९२७ मध्ये पात्रांची ‘सपाट’ आणि ‘गोलाकार’ अशी वाटणी केली. व्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये पात्राऐवजी कार्य हाच कथेचा घटक मानला, आणि पुढील संरचनावादी निवेदनमीमांसेत पात्र हे कृतींच्या जाळ्यातील एक स्थान ठरले. या सर्व भूमिकांत दृष्टिभेद असला तरी एक समान गृहीतक आहे : पात्राचे मोल संपूर्ण रचनेतील त्याच्या उपयोगावरून ठरते.

भारतीय नाट्यविचाराने हाच प्रश्न अधिक नेमकेपणाने हाताळला आहे. भरताने अर्थप्रकृतींमध्ये ‘पताका’ आणि ‘प्रकरी’ यांचा समावेश केला. पताका हे दूरवर चालणारे प्रासंगिक वृत्त होय. प्रकरी हे अल्पकाळ येऊन जाणारे. प्रकरीचे वैशिष्ट्य असे, की तिचे फळ तिच्यासाठी नसतेच. ते केवळ परार्थ, म्हणजे आधिकारिक वृत्ताच्या सिद्धीसाठी असते. ‘परार्थ’ ही संकल्पना प्रस्तुत विवेचनात विशेष उपयोगी आहे, कारण ती दुय्यम पात्राची स्थिती गुणवत्तेच्या नव्हे तर संबंधाच्या भाषेत सांगते. पात्र सपाट आहे की गोलाकार हा प्रश्न येथे गौण ठरतो. त्याच्या जगण्याचे फळ कोणाच्या पदरात पडते, हा मुख्य प्रश्न होतो.

अलीकडच्या काळात अ‍ॅलेक्स वोलक याने ‘द वन व्हर्सेस द मेनी’ (२००३) या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील वास्तववादी कादंबरीच्या संदर्भात दाखवून दिले, की कादंबरीतील अवधान ही मर्यादित वस्तू असून तिची पात्रांमध्ये वाटणी होते. दुय्यम पात्र हे मुळातच लहान नसते. त्याला कमी जागा दिली जाते म्हणून ते लहान होते. ही मांडणी चित्रपटाला लावताना मात्र एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्यावा लागतो. कादंबरीतील दुय्यम पात्र केवळ एक नाव, एखादी लकब किंवा संवादातील एक वाक्य असू शकते. पडद्यावर तसे होत नाही. तेथे क्षणभर येणाऱ्या पात्रालाही संपूर्ण चेहरा असतो, श्वास असतो, वय असते. कॅमेऱ्याच्या भिंगाला मुख्य आणि दुय्यम हा भेद ठाऊक नसतो. तो भेद प्रकाशयोजना, चौकट, संकलन आणि श्रेयनामावली यांनी बाहेरून निर्माण करावा लागतो. आंद्रे बाझँ याने १९४५ मध्ये छायाचित्रित प्रतिमेच्या सत्तास्वरूपाचा जो विचार मांडला, त्याचा हा एक अनुषंग म्हणता येईल. म्हणजे चित्रपटात दुय्यमत्व हे सतत राखावे लागणारे बंधन आहे, आणि कुकच्या भूमिका हे बंधन कोठे सैल पडते ते दाखवतात.

३

जॉन ह्यूस्टन याचा पहिला चित्रपट ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) डॅशिएल हॅमेट याच्या १९३० च्या कादंबरीवर आधारलेला आहे. त्यात कुकने विल्मर हा गटमन या खलनायकाचा पिस्तूलधारी साथीदार साकारला. कादंबरीचा निवेदक विल्मरला बहुतेक वेळा ‘पोरगा’ म्हणूनच संबोधतो. चित्रीकरणाच्या वेळी कुकचे वय सदतीस होते. हा वयभेद सामान्यतः केवळ नटाच्या चेहऱ्याची किमया म्हणून सांगितला जातो, परंतु त्यातून अर्थाचा एक वेगळा पदर निर्माण होतो. पोरगा म्हणून वागवला जाणारा हा माणूस वास्तविक पोरगा नाही. त्याला मोठे होऊ दिलेले नाही.

नायक स्पेड याचे विल्मरशी वागणे पद्धतशीर मानखंडनेचे आहे. हॉटेलच्या मार्गिकेत तो त्याचा ओव्हरकोट खांद्यांवरून खाली ओढून त्याचे हात जखडतो, दोन्ही पिस्तुले काढून घेतो आणि ती त्याच्या मालकाच्या हवाली करतो. त्याच्यासाठी स्पेड जो शब्द वापरतो, त्याचा इतिहास उद्बोधक आहे. ‘गन्सेल’ हा शब्द यिडिश भाषेतील हंसाच्या पिल्लाच्या नावावरून आला आणि भटक्यांच्या बोलीत तो वयस्क पुरुषाने ठेवलेल्या तरुणासाठी रूढ होता. हॅमेटच्या संपादकाने आणि पुढे चित्रपटाच्या नियामकांनी त्याचा अर्थ पिस्तूलवाला असा घेतला, म्हणून तो सुटला. कालांतराने इंग्रजीत तोच चुकीचा अर्थ रुळला. १९३४ पासून काटेकोरपणे अमलात आलेल्या निर्मितीसंहितेला जो संबंध दाखवू द्यायचा नव्हता, तो अशा रीतीने एका उपेक्षित शब्दात आणि एका उपेक्षित पात्रात दडून राहिला. मध्यवर्ती कथानकात ज्याला जागा नाही ते परिघावर ढकलले जाते, याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल.

शेवटच्या दीर्घ प्रसंगात पोलिसांपुढे कोणाला तरी बळी म्हणून उभे करायचे असते. स्पेड विल्मरचे नाव सुचवतो. गटमन प्रथम नकार देतो, विल्मर आपल्याला पुत्रासारखा आहे असे सांगतो. पण थोड्याच वेळात मान्यता देतो, कारण पुत्र दुसरा मिळू शकतो, तो मौल्यवान पक्षी दुसरा मिळणार नाही. हा युक्तिवाद नैतिकदृष्ट्या किळसवाणा आहे, परंतु निवेदनाच्या दृष्टीने पाहिले तर कथानकाचा नियमच येथे एका पात्राच्या तोंडी आला आहे. दुय्यम पात्र हे बदलीयोग्य असते, फळ मात्र एकमेव असते. परार्थाचे तत्त्व गटमन जितके स्पष्ट सांगतो, तितके कोणत्याही कथेने स्वतःविषयी सांगितलेले नसते.

या क्षणी कुकचा अभिनय काय करतो हे पाहणे आवश्यक आहे. स्पेडवर पिस्तूल रोखणाऱ्या विल्मरच्या डोळ्यांत पाणी तरळते. धमकी आणि रडू एकाच चेहऱ्यावर येतात. ठोसा खाऊन बेशुद्ध पडलेला विल्मर जेव्हा कोचावर शुद्धीवर येतो, तेव्हा आपल्याकडे वळलेले सर्व चेहरे त्याला दिसतात, आणि कोणीही काही न सांगता तो सारे समजतो. तो येथे केवळ आपल्या सोबत्यांचा निर्णय वाचत नाही. आपण या कथेतील कोणत्या दर्जाचे पात्र आहोत हेही त्याला त्याच वेळी कळते. फॉर्स्टरच्या परिभाषेत हे पात्र सपाटच राहते, त्याचा कोणताही विकास होत नाही. तरीही सपाट पात्राला आपल्या सपाटपणाची जाणीव व्हावी, ही घटना त्या परिभाषेत बसत नाही.

४

हॉवर्ड हॉक्स याच्या ‘द बिग स्लीप’ (१९४६) या चित्रपटातील हॅरी जोन्स ही भूमिका काही मिनिटांचीच आहे. जोन्स हा एक क्षुल्लक माहितीविक्या. त्याचे अ‍ॅग्नेस या स्त्रीवर प्रेम आहे. मार्लो तिच्या संदर्भात त्याच्या लहान चणीवर शेरा मारतो तेव्हा जोन्स त्याला आक्षेप घेतो आणि मार्लोला तो मान्य करावा लागतो. पुढे कॅनिनो हा मारेकरी अ‍ॅग्नेसचा पत्ता काढण्यासाठी जोन्सला गाठतो. जोन्स खोटा पत्ता देतो, समोर आलेला विषारी पेला पितो आणि मरतो. शेजारच्या अंधाऱ्या खोलीत मार्लो हे सारे ऐकत असतो. पुढे फोनवर अ‍ॅग्नेसला जोन्सच्या मृत्यूची वार्ता कळते, पण तिची आस्था पैशातच असते.

रेमंड चँडलर याच्या १९३९ च्या कादंबरीवरून घेतलेला हा चित्रपट त्याच्या दुर्बोध कथानकासाठी प्रसिद्ध आहे. त्यातील शोफरचा खून कोणी केला, की त्याने आत्महत्या केली, हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही आणि बहुतेक प्रेक्षकांना त्याची उणीवही जाणवत नाही. एकाच चित्रपटातील ही दोन दुय्यम मरणे शेजारी ठेवून पाहिली तर फरक ध्यानात येतो. शोफरचे मरण केवळ एक माहिती आहे. ती कथानकाच्या गुंत्यात हरवते. जोन्सचे मरण कथानकाला जवळजवळ अनावश्यक असूनही चित्रपट त्यासाठी थांबतो. अर्थात दुय्यम पात्राचे महत्त्व कथानकातील कार्यावरून ठरते हा संरचनावादी सिद्धान्त येथे उलटा होतो. ज्याचे कार्य मोठे त्याचा विसर पडतो, आणि ज्याचे कार्य अल्प तो स्मरणात राहतो.

यावर एक आक्षेप घेता येईल. जोन्सचे मरण अनावश्यक नाही. ते मार्लोच्या कारुण्याचे प्रमाण म्हणून आणि कॅनिनोच्या पुढील वधाचे समर्थन म्हणून योजलेले आहे, म्हणजे अखेर ते परार्थच आहे. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. कॅनिनो पुढे मार्लोच्या हातूनच मरतो आणि प्रेक्षकाला तो न्याय वाटतो. परंतु या प्रसंगात नायक शेजारच्या खोलीत उभा राहून ऐकतो आणि हस्तक्षेप करीत नाही, हेही तितकेच खरे आहे. शौर्याचे कृत्य या वेळी नायकाने नव्हे, तर लहान माणसाने केलेले असते. आणि तेही अपात्र व्यक्तीसाठी, कोणतेही फळ न मिळवता. नायकाचे नैतिक भांडवल जोन्सच्या मरणातून वाढते, ही गोष्ट खरी. पण ते भांडवल कोणाकडून आले हे प्रेक्षकाने पाहिलेले असते. ऋण हा शब्द येथे अलंकारिक राहत नाही.

५

जॉर्ज स्टीव्हन्स याच्या ‘शेन’ (१९५३) या वेस्टर्नपटात हेच ऋण सामूहिक होते. कुक येथे टॉरी हा दक्षिणेकडील अलाबामा राज्यातून आलेला, यादवी युद्धाचा अभिमान मिरवणारा गरीब वसाहतकरी आहे. भाडोत्री बंदूकधारी विल्सन (जॅक पॅलन्स) त्याला दुकानासमोर डिवचतो. विल्सन लाकडी ओट्यावर आहे, टॉरी खाली चिखलात, घसरत, तोल सावरत. दोघांच्या पातळीतील हा फरक म्हणजे दुय्यमत्वाचे दृश्य रूप होय. विल्सन दक्षिणेच्या सेनानींचा अपमान करतो, टॉरी त्याला खोटारडा म्हणतो, आणि विल्सन बंदूक उपसतो. टॉरीची बंदूक अर्धीच वर आलेली असते. यानंतर गोळी लगेच सुटत नाही. मध्ये एक विराम आहे. त्यात टॉरीला आपण हरलो हे कळते, विल्सनला ते कळल्याचे कळते, आणि तरीही तो गोळी झाडतो. कुकच्या अंगाला दोर बांधून त्याला मागे खेचण्यात आले. त्यामुळे देह चिखलात फेकला जातो. तत्कालीन वेस्टर्नपटांत गोळी लागलेला माणूस सहसा छाती धरून अलगद कोसळत असे. येथे तो वस्तूसारखा भिरकावला जातो.

कथानकाच्या दृष्टीने हे मरण शुद्ध प्रकरी आहे. त्याने खलनायकाचे सामर्थ्य सिद्ध होते, वसाहतकऱ्यांची परीक्षा होते आणि नायकाला पुन्हा शस्त्र हाती घेण्यास कारण मिळते. परंतु भरताच्या मांडणीत प्रासंगिक वृत्त आधिकारिक वृत्तात सुसंवादाने विलीन होणे अपेक्षित आहे. तो विराम या विलयाला अडथळा आणतो. मृत्यू टाळता आला असता हे त्या दोन क्षणांत इतके उघड होते, की पुढे टेकडीवरील दफनविधीत मृताचा कुत्रा शवपेटीशी घोटाळतो आणि माउथऑर्गनवर दक्षिणेची धून वाजते, तेव्हा प्रेक्षक केवळ कथानकाचे पुढचे पाऊल पाहत नाही; त्याला एका माणसाची उणीव जाणवते. शेनच्या अखेरच्या विजयाने ही उणीव भरून निघत नाही. उलट तो विजय टॉरीला आधी का मिळू शकला नाही, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

६

स्टॅन्ली कुब्रिक याचा ‘द किलिंग’ (१९५६) हा दुय्यमत्वाच्या प्रश्नाला रचनेच्या पातळीवर भिडतो. लायनेल व्हाइट याच्या ‘क्लीन ब्रेक’ या कादंबरीवरील या चित्रपटात घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरील दरोड्याची योजना आहे. योजनेचा सूत्रधार जॉनी क्ले (स्टर्लिंग हेडन) याच्या दृष्टीने प्रत्येक साथीदार म्हणजे एक कार्य होय, आणि कोणालाही संपूर्ण योजनेत आपल्या वाट्यापलीकडे जागा नाही. दरोड्याची योजना ही अशा रीतीने कथानकाचीच प्रतिकृती ठरते. परंतु चित्रपटाचे निवेदन काळाचा सरळ क्रम मोडते, मागे जाते, एकाच दुपारच्या घटना निरनिराळ्या माणसांच्या बाजूने पुन्हा दाखवते. योजना ज्यांना केवळ कार्य मानते, त्यांना निवेदन स्वतःचा काळ बहाल करते.

कुकने साकारलेला जॉर्ज पीटी हा मैदानावरील खिडकीमागचा रोखपाल. त्याची पत्नी शेरी (मेरी विंडसर) त्याच्याहून उंच आहे, त्याला उघड तुच्छ लेखते आणि दुसऱ्या पुरुषात गुंतलेली आहे. तिच्या नजरेत मोठे व्हावे एवढ्यासाठी जॉर्ज तिला योजनेचा सुगावा लागू देतो आणि त्यातून सर्वनाश ओढवतो. दुय्यम माणसाची महत्त्वाची होण्याची इच्छा हेच येथे कथानकाच्या नाशाचे कारण आहे. गोळीबारात इतर सारे मरतात, रक्तबंबाळ जॉर्ज घरी पोहोचतो, शेरीवर गोळी झाडतो आणि पोपटाच्या पिंजऱ्याशेजारी कोसळतो. विल्मरला बळी देणाऱ्यांवर कथानकाने फारशी किंमत आकारली नव्हती. पंधरा वर्षांनंतर तीच किंमत संपूर्ण योजनेकडून वसूल केली जाते.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. जॉर्जची सुडाची कृती स्त्रीच्या वधात संपते आणि शेरीला चित्रपट तेवढाच अवकाश देत नाही. तिचा लोभ स्पष्ट होतो, तिचा कंटाळा समजून घेतला जात नाही. म्हणजे एका दुय्यम पात्राला मिळालेली जागा दुसऱ्याच्या वाट्यातून आलेली असू शकते. अवधानाच्या या अर्थव्यवस्थेत वर्णाचाही प्रश्न आहे. त्याच काळात थेरेसा हॅरिस हिच्यासारख्या कृष्णवर्णीय अभिनेत्रींना मोलकरणींच्या भूमिकांपलीकडे क्वचितच काही मिळे. ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) मधील क्लबच्या प्रसंगात तिने दाखवलेला आत्मसन्मान त्यामुळेच एका प्रसंगापुरता राहतो. कुकला निदान मरण्यासाठी एक दृश्य मिळत होते. परिघालाही परिघ असतो, हे विसरून केलेले दुय्यम पात्राचे गौरवीकरण समीक्षेला पुन्हा एका नव्या केंद्राकडेच नेईल.

७

या चार भूमिका स्वतंत्र संहितांमध्ये आहेत. परंतु त्या पाहणारा प्रेक्षक एकच असू शकतो. ‘स्ट्रेंजर ऑन द थर्ड फ्लोअर’ (१९४०) मध्ये निरपराध असून दोषी ठरलेला टॅक्सीचालक, ‘फँटम लेडी’ (१९४४) मध्ये तळघरातील वादनात बेभान होणारा आणि पुढे गळा दाबून मारला जाणारा ढोलवादक, ‘बॉर्न टू किल’ (१९४७) मध्ये जिवलग मित्राच्याच हातून मरणारा मार्ट, असा हा चेहरा एका चित्रपटातून दुसऱ्यात येत राहतो. स्टुडिओव्यवस्थेने सोयीसाठी साचा वापरला, पण साच्यामुळेच संहितांच्या सीमा ओलांडणारी एक स्मृती निर्माण झाली. टॉरी चिखलात उतरतो तेव्हा जाणत्या प्रेक्षकाला त्याच्यापाठी विल्मर आणि जोन्स दिसतात. प्रत्येक चित्रपटाने या माणसाला विसरून पुढे जायचे ठरवलेले असते, आणि पुढचा चित्रपट तो विसर मोडतो. ‘आय वेक अप स्क्रीमिंग’ (१९४१) मध्ये या यंत्रणेचा उलटा उपयोग दिसतो : कुकने साकारलेला इमारतीतील स्विचबोर्डवरचा नोकर हाच खुनी निघतो, कारण त्याच्याकडे कोणी पाहतच नव्हते.

दुय्यम पात्राचे कार्य संपल्यावर काही उरते काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता शोधता येते. कथानकाच्या हिशेबात काहीच उरत नाही. विल्मर, जोन्स, टॉरी आणि पीटी यांच्या नाशाचे फळ इतरांच्या खात्यात जमा होते किंवा बुडते. पण पडद्यावरील देह हा कार्यापेक्षा नेहमीच थोडा अधिक असतो, आणि हे आधिक्य नट जाणीवपूर्वक वापरू शकतो. कुकने आपल्या पात्रांना नायकत्वाकडे कधी ढकलले नाही. आपण बदलीयोग्य ठरवले गेलो आहोत हे कळण्याचा क्षण त्याने नेमका धरला आणि तो क्षण प्रेक्षकाला पाहायला लावला. प्रकरीचे फळ परार्थ असते हा नियम त्यामुळे रद्द होत नाही. मात्र ज्याचे फळ दुसऱ्याला गेले त्याने ते जाताना पाहिले, एवढी नोंद त्या नियमात भर घालावी लागते. अशी नोंद ठेवणे हे समीक्षेचे काम आहे, आणि त्यासाठी नायकावरून नजर काही काळ हलवावी लागते.